ओझं आखणाऱ्यांसाठी

आज अभियंते म्हणून बाहेर पडणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

दीक्षान्त समारंभात विद्यार्थ्यांच्या कष्टांचं कौतुक करण्याची रीत आहे आणि तुमचे कष्ट त्या कौतुकाला पात्रच आहेत. आठ सत्रं, प्रत्येक सत्रात पाच-सहा विषय, त्यांची प्रात्यक्षिकं, जर्नलं, सबमिशन, ओरल, आणि मागचा एखादा विषय राहिला असेल तर त्या बॅकलॉगचा अभ्यास वेगळा. पण या कौतुकाच्या पोटात एक समज दडलेला असतो, त्याविषयी मला आज बोलायचं आहे. इंजिनिअरिंग म्हणजे सहनशक्तीची परीक्षा, ज्याच्यात दम होता तो टिकला आणि ज्याच्यात नव्हता त्याचं वर्ष गेलं, असा तो समज. मला तो चुकीचा वाटतो आणि अभियंत्यांच्या तोंडी तर अजिबात शोभत नाही. अभ्यासाचं ओझं कुणीतरी आखलेलं असतं. वेळापत्रक कुणीतरी ठरवतं, गुणांची वाटणी कुणीतरी करतं, सबमिशनची तारीख कुणीतरी फळ्यावर लिहितं. साधारण कुवतीचा प्रामाणिक विद्यार्थी ते ओझं पेलेल, की हुशार विद्यार्थीही त्याखाली वाकेल, हे बरंचसं त्या आखणीवर ठरतं. उद्यापासून दुसऱ्यांसाठी असं ओझं आखणाऱ्यांत तुम्ही असणार आहात, म्हणून हा विषय पदवी हातात पडल्यावर संपत नाही.

आधी हिशेब मांडू. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने 2018 मध्ये दिलेल्या आदर्श अभ्यासक्रमात चार वर्षांच्या पदवीचं वजन 160 श्रेयांक ठेवलं. त्याआधी बऱ्याच ठिकाणी हा आकडा 200 च्या पुढे होता. आठ सत्रांत वाटले तर सत्राला 20 श्रेयांक येतात. राष्ट्रीय श्रेयांक आराखडा एका श्रेयांकामागे 30 तास धरतो, त्यात वर्ग, प्रयोगशाळा आणि स्वतःचा अभ्यास सगळं आलं. म्हणजे सत्राला 600 तास, आणि सत्र 15 आठवड्यांचं धरलं तर आठवड्याला 40. हा आकडा भीतिदायक मुळीच नाही. त्यातले 25 तास वर्गात आणि प्रॅक्टिकलला गेले तर स्वतःच्या अभ्यासाला उरतात 15, म्हणजे रोजचे दोन तास आणि वर थोडे. आता हाच स्वतःचा अभ्यास, एकूण 225 तासांचा, शेवटच्या तीन आठवड्यांवर गेला असं समजा. आठवड्याला 75 तास झाले, त्यात वर्गाचे 25 मिळवले की शंभर. आठवड्यात तास असतात 168. उरलेल्या 68 तासांत झोप, आंघोळ, जेवण, एसटीचा प्रवास आणि सबमिशनसाठी सरांच्या केबिनबाहेर उभं राहणं, हे सगळं बसवायचं. अभ्यासक्रम तोच आणि तासही तेवढेच, तरी एका मांडणीत विद्यार्थी माणसासारखा जगतो आणि दुसऱ्या मांडणीत तीन आठवडे धड झोपत नाही.

गोदाकाठच्या आपल्या सायखेड्यात हे समजवायला फार शब्द लागू नयेत. 2016 आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये गोदावरी चांदोरी-सायखेड्यात घरांत आणि दुकानांत शिरली होती. वर्षभर नदीतून जाणारं पाणी गावाला बुडवत नाही, थोड्या तासांत एकवटून आलेलं पाणी बुडवतं. गंगापूर आणि दारणा धरणांचा विसर्ग, वाटेतल्या ओढ्यानाल्यांची भर आणि खाली नांदूरमधमेश्वरच्या बंधाऱ्याचा फुगवटा एकाच वेळी जुळून आले की नदीचं पात्र पुरत नाही. अशा वेळी अभियंता काठावरच्या लोकांना जास्त धीट व्हायला सांगत नाही. धरणात आधीपासून जागा राखणं, विसर्ग टप्प्याटप्प्याने करणं, शिखर खाली आणणं हे त्याचं काम. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांची सरकारी नोकरी 1884 मध्ये नाशिकला सुरू झाली. पुढे 1903 मध्ये खडकवासल्याला बसवलेले त्यांचे दरवाजे पाणी ठरावीक पातळीला आलं की आपोआप उघडत. साठा वाढला, धरणालाही धोका पोचला नाही, आणि हे सगळं कुणाच्या रात्रभराच्या जागरणावर सोडलेलं नव्हतं. ही रीत आपण पाण्याच्या बाबतीत शिकवतो. मग विद्यार्थ्याच्या वेळेच्या बाबतीत मात्र त्याचा दम किती आहे एवढंच का विचारतो?

यावर पहिला आक्षेप येतो तो प्राध्यापकांकडून, आणि त्यात तथ्य आहे. अभ्यास शेवटावर ढकलतात ते विद्यार्थीच, त्यांना कुणी अडवलेलं नसतं, असं ते म्हणतात. खरं आहे. पण वीस वर्षांची मुलं कुठल्या तारखेला अभ्यासाला बसतात हे गुण कुठल्या तारखेला आहेत यावर ठरतं, आणि त्यात वावगं असं काही नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने 2019 च्या अभ्यासक्रमात लेखी परीक्षेच्या शंभर गुणांपैकी 30 सत्राच्या मध्यावर आणि 70 सत्राअखेर ठेवले. म्हणजे अभ्यासाची तारीख आखणीने हलवता येते हे विद्यापीठालाही मान्य आहे. विद्यापीठाच्या खालच्या पायरीवर, म्हणजे महाविद्यालयात, मात्र काम बाकी राहतं. पाच विषयांचे पाच शिक्षक आपापल्या चाचण्या, असाइनमेंट आणि जर्नल तपासणी एकमेकांचं कॅलेंडर न पाहता लावतात आणि पाचही गोष्टी एकाच आठवड्यात येऊन पडतात. यात कुणाचाही दुष्टपणा नसतो. विभागातल्या शिक्षकांनी सत्राच्या सुरुवातीला एका कागदावर पंधरा आठवडे मांडून तारखा वाटून घेतल्या तर पैसा लागत नाही आणि अभ्यासक्रमातली एक ओळही कमी होत नाही.

काही ओझं मात्र वाटून घेण्याच्या लायकीचंही नसतं, ते काढूनच टाकायला हवं. जर्नल उतरवून काढणं, एकाची असाइनमेंट चाळीस जणांच्या अक्षरात फिरणं, काचेखाली दिवा लावून दुसऱ्याची ड्रॉइंगची शीट छापणं, ज्याला महाराष्ट्रभर मुलं ‘जीटी मारणं’ म्हणतात. यात गेलेल्या रात्री कष्टांत जमा धरल्या जातात, पण त्यातून हाताला काय आलं असं विचारलं तर उत्तर देता येत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आपण मनापासून ज्याला अभ्यास म्हणतो त्यातलंही बरंच वाया जातं. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाने तोच उतारा पुन्हापुन्हा वाचला. दुसऱ्याने एकाच बैठकीत वाचून पुस्तक मिटलं आणि आठवेल ते तीनदा लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे 40 टक्के आठवत होतं आणि लिहून काढणाऱ्यांना सुमारे 61 टक्के. परीक्षेच्या आदल्या रात्रीचा अभ्यास इतका पटतो तो का, हे त्या पाच मिनिटांच्या निकालात दिसतं. सकाळच्या पेपरला तो थोडाफार कामी येतो, पण पुढच्या सत्रात त्याच विषयावर उभा असलेला विषय आला की हाती काही उरलेलं नसतं. एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, विसरलेला विद्यार्थी कंट्रोल सिस्टिमला बसतो तेव्हा तो एका विषयाचं नाही, दोन विषयांचं ओझं उचलत असतो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. ओझं हलकं केलं तर पदवीचा कस उतरेल, अर्धवट शिकलेल्यांच्या हातचे पूल आणि इमारती लोकांच्या जिवावर उठतील, असं म्हटलं जातं. कस उतरू नये हे मला शंभर टक्के मान्य आहे. म्हणूनच बर्कली इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातलं उदाहरण मला मोलाचं वाटतं. 1970 च्या दशकात तिथे युरी ट्रीसमन कॅल्क्युलसचे वर्ग घेणाऱ्यांना तयार करत होते. कृष्णवर्णीय विद्यार्थी या विषयात मोठ्या प्रमाणात मागे पडत होते आणि चिनी वंशाचे पुढे जात होते. कारणं सगळ्यांना आधीच ठाऊक असल्यासारखी होती: तयारी कच्ची, घरी शिक्षणाचं वातावरण नाही, जिद्द कमी. ट्रीसमन यांनी दोन्ही गटांतल्या वीस-वीस मुलांचं राहणं-अभ्यास करणं जवळून पाहिलं, आणि ही कारणं टिकली नाहीत. कृष्णवर्णीय मुलं नेमाने, सांगितले तेवढे तास, एकटी बसत होती. चिनी वंशाची मुलं आधी एकटी आणि मग एकत्र बसत, एकमेकांची उत्तरं तपासत, अडलेलं गणित चौघांत फोडत. ट्रीसमन यांनी सोपे शिकवणी वर्ग काढले नाहीत. वर्गातल्यापेक्षा अवघड गणितं दिली आणि ती गटाने सोडवायला लावली. निकाल पालटला. कस आणि ओझं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे याहून स्पष्टपणे कसं सांगता येईल मला माहीत नाही. अवघडपणा वाढला आणि तरी मुलं टिकली, कारण अडलेल्या जागी ती एकटी नव्हती. गटाने अभ्यास म्हणजे कॉपी, ही भीती खरी आहे, पण कॉपी तिथे होते जिथे फक्त पूर्ण झालेला कागद तपासला जातो. फळ्यापाशी उभं करून ‘ही पायरी का?’ असं विचारलं की उतरवलेलं उत्तर तिथेच उघडं पडतं.

मग उद्योगातून येणारं वाक्य उरतं: कंपनीत याहून जास्त ताण असतो, आत्ताच सवय झालेली बरी. जागरणाची सवय होते असं मानायला मात्र आधार नाही. बोस्टनच्या एका मोठ्या रुग्णालयात अतिदक्षता विभागातल्या शिकाऊ डॉक्टरांवर झालेला अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. सलग चोवीस तास किंवा त्याहून लांब पाळ्या करताना त्यांच्या हातून झालेल्या गंभीर चुका, पाळ्या लहान केल्यावर झालेल्या चुकांपेक्षा 36 टक्के जास्त होत्या. तीही हुशार, निवडलेली, कष्टांना सरावलेली मुलं होती. नाशिकजवळ ओझरला विमानांवर काम करणाऱ्या किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत प्रेस मशीनपाशी उभ्या असणाऱ्या अभियंत्याच्या बाबतीत शरीराचा नियम वेगळा असेल असं मानायचं कारण नाही.

आपल्या निफाड तालुक्यातल्या मुलांच्या वाट्याचं आणखी एक ओझं श्रेयांकांत कुठेच मोजलं जात नाही. दहावीपर्यंत मराठीत विचार केलेला असतो आणि नंतर ‘बेंडिंग मोमेंट’ आणि ‘एन्ट्रॉपी’ थेट इंग्रजीतून समोर येतात. संकल्पना आणि भाषा दोन्ही एकाच तासात पकडायच्या असतात. नाशिकची ये-जा असते. ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि मध्ये द्राक्षांचा तोडा, आणि घरी मनुष्यबळ कमी असेल तर इंजिनिअरिंगचा मुलगा आणि मुलगीही बागेत असतात. मुलीच्या वाट्याला घरातलं कामही येतं, तेही कुणी मोजत नाही. 2021 पासून प्रादेशिक भाषांत अभियांत्रिकी शिकवायला परवानगी आहे आणि पिंपरी-चिंचवडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक अभियांत्रिकी मराठीतून सुरूही झाली. सगळ्यांनी मराठीतूनच पदवी घ्यावी असा माझा आग्रह नाही. पण शिक्षकाने पहिल्या वर्षाला अवघड संकल्पना आधी मराठीत समजावून मग इंग्रजी संज्ञा दिली तर त्यात कसलाही कमीपणा नाही, आणि मुलांचे कितीतरी तास वाचतात.

ही चर्चा मी इतक्या तळमळीने का करतो आहे, तेही सांगायला हवं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार 2022 मध्ये देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली आणि राज्यांत सर्वांत मोठा आकडा महाराष्ट्राचा होता. प्रत्येक घटनेमागे अनेक कारणं गुंतलेली असतात आणि सगळा दोष अभ्यासावर टाकणं बरोबर नाही. पण ‘ज्याच्यात दम होता तो टिकला’ हे वाक्य अशा राज्यात बोलताना जीभ अडखळायला हवी. जे मूल आधीच खचलेलं आहे त्याला या वाक्यातून एवढंच ऐकू येतं की खोट त्याच्यातच आहे. मग ते कुणाला काही सांगत नाही. 14416 हा टेली-मानसचा क्रमांक दिवसरात्र चालतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. तो प्रत्येक वसतिगृहाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत असावा. पालकांनीही तो लिहून घ्यावा.

आता तुमच्याकडून काय हवं ते सांगतो. तुमच्यातले काही शिक्षक होतील, काही साइटवर माणसं सांभाळतील, काही पाच-सहा जणांच्या टीमचे प्रमुख होतील. कुणाला तारीख देण्याआधी त्या आठवड्यात त्याच्याकडे आणखी काय काय आहे हे विचारा आणि ते एका कागदावर मांडून बघा. एखादं काम फक्त पूर्वापार चालत आलं म्हणून होत असेल तर ते बंद करण्याचा अधिकार वापरा. आणि यंदा पावसाळ्यात तुमच्या गावातली जी मुलं प्रथम वर्षाला जातील त्यांना नोट्सच्या झेरॉक्स देऊन मोकळे होऊ नका. मागच्या काही वर्षांच्या प्रश्नपत्रिका घेऊन पहिल्या महिन्यातच चार जणांना आठवड्यातून दोन तास एकत्र बसवा. पुण्याला किंवा बंगळुरूला असलात तर फोनवरून जोडून घ्या. पुस्तक मिटून एकाने फळ्यावर सोडवायचं, बाकीच्यांनी ‘का?’ विचारायचं, अडलं तरच तुम्ही बोलायचं. नव्या नोकरीत वेळ कुठून काढणार, असं तुम्हाला आत्ता वाटत असेल. आठवड्याचे 168 तास तुम्हालाही आहेत. त्यातले दोन मागतो आहे.