कढईतले उरलेले तेल
(सुवर्णमहोत्सवानिमित्त न्यासाच्या सभागृहात केलेले भाषण)



आजच्या पंगतीत पुऱ्या उत्तम झाल्या होत्या. कढईत उरलेल्या तेलाचे पुढे काय होणार, एवढेच विचारण्यास मी उभा आहे.

डिझेलच्या इंजिनाला वनस्पतितेल परके नाही. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात असे इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविले होते. अडचण तेलाच्या दाटपणाची आहे. त्याचा फवारा नीट उडत नाही व इंजिनात काजळी धरते. म्हणून त्यावर मिथेनॉल व थोड्या कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया करतात. १०० किलो तेल व सुमारे १० किलो मिथेनॉल यांपासून जवळजवळ १०० किलो बायोडिझेल आणि १० किलो ग्लिसरीन मिळते. या इंधनातही उणिवा आहेत. त्याची उष्णता डिझेलहून थोडी कमी आहे, आणि थंडीत ते लवकर घट्ट होते. म्हणून ते बहुधा डिझेलमध्ये मिसळूनच वापरतात.

पण तेल आणावे कोठून? खाण्याचे निम्म्याहून अधिक तेल आपण परदेशातून आणतो. ते इंजिनात ओतणे म्हणजे ताटातले काढून बंबात घालणे होय. मोगली एरंडाचाही प्रयोग झाला. २००९ च्या धोरणाने २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट ठेवले, पण ते साधले नाही. हे झाड पडीक जमिनीत जगते खरे. पण पाण्यावाचून भरपूर बी देत नाही. २०१८ च्या धोरणाने २०३० साठी ५ टक्क्यांचे उद्दिष्ट ठेवले आणि वापरलेल्या तेलालाही त्यात स्थान दिले.

वारंवार तापविल्याने तेलात अपायकारक द्रव्ये वाढतात. एकूण ध्रुवीय घटक २५ टक्क्यांवर गेलेले तेल स्वयंपाकास वापरू नये, असा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. तरीही असे तेल मोरीत ओतले जाते, नाहीतर स्वस्तात विकले जाऊन गरिबाच्याच पोटात जाते. एका हाताने अन्नदान करावे आणि दुसऱ्या हाताने हे होऊ द्यावे, हे आपल्या न्यासाला शोभत नाही.

माझी सूचना साधी आहे. झाकणाची दोन पिंपे ठेवावीत. तेल निवल्यावर गाळून त्यांत भरावे. पाणी मात्र जाऊ देऊ नये; त्याने प्रक्रियेत साबण धरतो. ते तेल अधिकृत बायोडिझेल कारखान्यालाच द्यावे आणि येणारी रक्कम विद्यार्थी साहाय्य निधीत जमा करावी. घरी प्रयोग करू नयेत. मिथेनॉल विषारी व ज्वालाग्राही आहे.

वाढलेल्या अन्नाचा हिशेब आपण पन्नास वर्षे चोख ठेवला. आता उरलेल्या तेलाचाही ठेवू या, इतकेच सांगून मी आपली रजा घेतो.