गिरणीवाले आणि गलाईवाले



आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढे जे काही शिकलो ते वाचनालयाच्या बाकावर आणि कारखान्यांच्या फाटकांवर. त्यामुळे व्याख्यानमालेच्या चालकांनी अर्थशास्त्राचा विषय सुचविला, तेव्हा प्रथम संकोच वाटला. पण मग ध्यानात आले की, ज्या प्रश्नाने आमच्या स्वतःच्या घरात तीस-चाळीस वर्षे वाद चालू आहे, तोच आपल्यापुढे मांडावा. तो प्रश्न असा की, एकाच दुष्काळी मुलखातून पोटासाठी दोन माणसे बाहेर पडतात, सारखेच कष्ट करतात, आणि दोन पिढ्यांनंतर एकाचे नातू दुकानाच्या गादीवर बसतात तर दुसऱ्याचे नातू कुणाच्या तरी इमारतीच्या दारात पहारा करतात. हे असे का व्हावे?

अमेरिकेतही असा प्रश्न विचारतात. तेथे स्वीडनमधून गेलेल्यांची वस्ती आहे, तशी आर्मेनियातून गेलेल्यांचीही आहे. त्यांच्या मिळकतींची तुलना करून कुणी म्हणतो, स्वीडिश माणूस मुळातच शिस्तीचा. कुणी म्हणतो, आर्मेनियन माणसाच्या रक्तातच व्यापार. हे रक्ताचे शास्त्र आम्हांस कधीच पटले नाही. १८६७ ते १८६९ या वर्षांत स्वीडनमध्ये दुष्काळ पडला आणि तेथला शेतकरी झुंडीने निघाला. तो अमेरिकेत पोचला तेव्हा तेथील सरकारने १८६२ च्या कायद्याने १६० एकर जमीन, पाच वर्षे राहून कसण्याच्या अटीवर, जवळजवळ फुकट द्यायचे ठरविलेले होते. (ती जमीन कुणाकडून हिसकावलेली होती, हा निराळा विषय आहे.) आर्मेनियन माणूस मुख्यत्वे १९१५ च्या कत्तलीतून जीव वाचवून नंतर पोचला. तोवर फुकट जमीन संपत आली होती. कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो गावी त्याने द्राक्षमळे केले, पण तेथेही काही वस्त्यांत त्याला घर विकायचे नाही असे करारपत्रांत लिहून ठेवीत. मग तो गालिच्यांच्या आणि किराण्याच्या दुकानांकडे वळला. एकाला जमीन मिळाली, दुसऱ्याला दुकान काढावे लागले. यात रक्ताचा संबंध आला कुठे?

आता आपल्याकडे येऊ. आमचे वडील येथून जवळच्याच खेड्यातले. १९६१ साली याच स्टेशनावर गाडीत बसून ते मुंबईला गेले आणि गावच्याच एका मुकादमाच्या ओळखीने गिरणीच्या साचेखात्यात लागले. लागले म्हणजे काय, तर बदली म्हणून लागले. रोज सकाळी फाटकाशी उभे राहायचे, कुणी गैरहजर असेल तर काम, नाही तर खोलीवर परत. असे सहा वर्षे चालले. खोली म्हणजे गावकीची खोली. वीस-बावीस माणसे पाळीपाळीने एकाच जागेवर पथारी टाकीत, जेवण खानावळीत. आई गावाकडे दीड एकर कोरडवाहू जमीन ओढीत होती, आणि महिन्याच्या दहा-बारा तारखेला पोस्टमन मनीऑर्डर आणी. येथे बसलेल्या पन्नाशीच्या पुढच्या मंडळींपैकी निम्म्यांचे बालपण त्या मनीऑर्डरीवर गेले असेल.

आमचे आजोळ खानापूर तालुक्यातले. रहिमतपूरहून औंध, वडूज, मायणी करीत विट्याकडे निघाले की पाऊस मागे मागे राहत जातो, हे आपण जाणताच. तेथून, आटपाडीतून आणि आपल्या जिल्ह्यातील माण-खटावातून जी माणसे बाहेर पडली त्यांतील पुष्कळशी सोन्या-चांदीच्या गलाईत शिरली. आज केरळपासून दिल्लीपर्यंत जेथे सराफकट्टा आहे तेथे एखादा गलाईवाला भेटतोच, आणि तो घरात मराठी बोलतो. आमचे थोरले मामा कोइमतूरला गेले ते एका नातेवाइकाच्या भट्टीवर पोऱ्या म्हणून. अंगावरचे कपडे आणि गाडीभाडे एवढेच त्यांचे भांडवल होते.

हा धंदा पुष्कळांनी पाहिलेला नसतो, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. सोनार मोडीचा दागिना आणून देतो. गलाईवाला तो मुशीत वितळवतो, सोन्याच्या सुमारे तिप्पट होईल एवढी चांदी त्यात मिळवतो, त्याचे बारीक दाणे पाडतो आणि ते तेजाबात, म्हणजे नायट्रिक ॲसिडमध्ये, उकळत ठेवतो. चांदी आणि तांबे विरघळून जाते, सोने तेवढे तळाशी तपकिरी भुकटी होऊन राहते. अनोळखी माणसाला दाखविले तर तो चहाचा चोथा म्हणून फेकून देईल. ती भुकटी धुऊन, टाकणखार घालून पुन्हा मुशीत टाकली की पिवळी लगड बाहेर येते. तेजाबात विरघळलेली चांदीही फुकट जात नाही. त्यात तांब्याचे पत्रे सोडले की ती पुन्हा खाली बसते. सोनाराच्या दुकानातला केरसुद्धा ही मंडळी विकत घेतात, आणि त्यातून सोन्याचे कण काढतात. आमचे मामा म्हणत, "दुष्काळी माणसाला केर कसा झाडायचा ते शिकवावं लागत नाही."

हे सगळे हाताने शिकायचे. पाच-सात वर्षांत पोऱ्या कारागीर होई, आणि नातेवाईकच त्याला दुसऱ्या गावी दुकान काढण्यापुरते पैसे आणि मुख्य म्हणजे सोनारांपुढे आपला शब्द देत. परक्याच्या हातात सोने सोपवायचे म्हणजे शब्द हेच खरे भांडवल. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. भाऊबंदांची ओळख गिरणीतही होती. वडील मुकादमाच्या ओळखीनेच लागले. फरक एवढाच की, गिरणीत ओळखीने पास मिळे आणि गलाईत ओळखीने उधारी मिळे.

आता दोघांवरही जे संकट आले ते पाहू. गलाईवाल्यांवर आधी आले. १० जानेवारी १९६३ रोजी सरकारने सुवर्णनियंत्रण आणले, १४ कॅरटच्यावर दागिने करण्यास बंदी झाली, १९६८ साली त्याचा पक्का कायदा झाला. सोनारांवर आकाश कोसळले, आणि सोनार बसला की गलाईवाला बसलाच. आमचे मामा त्या काळात गेले, म्हणजे धंद्याच्या पडत्या काळातच. तरीही ती मंडळी टिकली. कोणी चांदीच्या कामावर भागविले, कोणी गावी येऊन पुन्हा गेले, परवान्यावाचून चोरून काम करणारेही होते, हे लपवून काय उपयोग? १९९० साली कायदा रद्द झाला, तेव्हा मूस आणि भट्टी त्यांच्याजवळच होती. दुसऱ्या दिवशी कोळसे पेटविता आले.

गिरणीवाल्यांचे संकट १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाले. सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. आम्ही तेव्हा बारा वर्षांचे. त्या पावसाळ्यात वडील पत्र्याची ट्रंक घेऊन घरी आले ते 'दिवाळीपर्यंत मिटेल' असे म्हणत. संप इतका लांबला तो गावांनी पोसला म्हणून. आमच्या घरून खोलीवर मागे राहिलेल्यांसाठी ज्वारीची पोती गेलेली आम्ही पाहिली आहेत. हा संप विधिवत कधी मागे घेतलाच गेला नाही. त्या वर्षी आमची शाळा सुटली, ती कायमची.

आता आमचे मामेभाऊ आम्हांस डिवचतात ते येथेच. "तुमच्या लोकांनी संप करून घर बुडवलं; आम्ही कधी झेंडा हातात धरला नाही, म्हणून बरे राहिलो." हे ऐकून आम्ही पुष्कळ वर्षे नुसते संतापत होतो. मग आम्ही हिशेब मांडून पाहिला. १९२८ सालीही गिरणी कामगार सहा महिने संपावर होते, आणि गिरण्या पुन्हा चालू झाल्या. कारण मालकाला तेव्हा कापडात पैसा दिसत होता. १९८२ नंतर पुष्कळ मालकांना कापडापेक्षा गिरणीखालची जमीन महाग दिसू लागली. मुंबईच्या मध्यभागी सुमारे ६०० एकर जमीन! १९९१ च्या नियमाने तिचे तीन वाटे व्हायचे होते: एक मोकळ्या जागेला, एक घरांसाठी आणि एक मालकाला. २००१ साली नियम बदलला आणि जेथे बांधकाम उभे नाही तेवढ्याच जागेची वाटणी धरली गेली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. वाट्याला मग उरले किती? २०१२ साली घरांची पहिली मोठी सोडत निघाली ती ६,९२५ घरांची, आणि अर्जदार त्याहून कितीतरी अधिक.

म्हणजे गलाईवाल्याची भट्टी वीस-पंचवीस वर्षे थंड राहूनही पेटली, कारण ती त्याची होती. गिरणीचा साचा कामगाराला पिशवीत घालून नेता येत नव्हता. वडिलांच्या हाती कसब नव्हते काय? तुटलेला धागा अंधारात जोडीत असत. त्यांच्या जोडीचे विणकर भिवंडीला, इचलकरंजीला, खुद्द विट्यालाही यंत्रमागांवर गेले. पण पुन्हा दुसऱ्याच्या मागावर, आणि आधीपेक्षा कमी मजुरीत. कामगाराचा पगार चांगला असला तरी तो मुलाला देऊन जाता येत नाही. बापाच्या जागी मुलाला घेण्याची रीत काही गिरण्यांत होती, पण गिरणीच गेल्यावर जागा कुठली?

येथे आमच्या चळवळीची चूक सांगणे भाग आहे. नारायण मेघाजी लोखंड्यांच्या खटपटीने १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली, तेव्हापासून आम्ही तास, पगार, महागाईभत्ता, बोनस यांसाठी लढलो, आणि ते योग्यच होते. पण ज्या खोलीत कामगार राहतो ती त्याची व्हावी, गिरणी बंद पडली तर तिच्या जमिनीत त्याचा वाटा असावा, ही मागणी आम्हांस सुचली ती गिरण्या पडू लागल्यावर.

तथापि गलाईवाल्यांची गाडी-बंगल्यांची गोष्ट जशी सांगितली जाते तशीही नाही. जे बुडाले ते गावच्या यात्रेला मोठी वर्गणी घेऊन येत नाहीत, म्हणून दिसत नाहीत. लगड घेऊन सोनार पळाला, भागीदाराने दगा दिला, अशी उद्ध्वस्त झालेली दोन घरे आमच्या आजोळच्या गल्लीतच आहेत. आणि आणखी एक गोष्ट आहे, ती सांगताना जड जाते.

१९९६ साली आम्ही कोइमतूरला मामांकडे गेलो होतो. भट्टीवर चौदा-पंधरा वर्षांचा एक मुलगा होता, आमच्या आजोळाकडचाच. तेजाब उकळू लागला की नारिंगी-तांबडा धूर निघतो. त्याची खुबी अशी की तो घेताना माणूस नुसता खोकतो, आणि फुप्फुसांना काय झाले ते कित्येक तासांनी कळते. खोलीला एक खिडकी होती. मुलगा रात्री उठून बसे. आम्ही म्हणालो, "मामा, या पोराचं नाव वहीत घाला, पगार लावा, निदान धुराला पंखा तरी बसवा." मामा हसले. "आरं, घरचंच पोर हाय ते. घरच्या पोराला पगार कसला लावायचा?" हे त्यांनी लबाडीने म्हटले नव्हते. ते स्वतः तसेच वाढले होते, आणि त्याला पुढे दुकान काढून देण्याचा त्यांचा विचारही होता. कारखान्याचा कायदा तेव्हा विजेवर चालणाऱ्या जागेला दहा माणसांपासून लागू होता, येथे चारच माणसे. नुकसानभरपाईचा १९२३ चा कायदा होता. पण ज्याचे नाव कुठल्याच वहीत नाही तो कामगार आहे हे सिद्ध कोण करणार?

अनोळखी मालक असता तर आम्ही फाटकावर सभा घेतली असती. मामा होते, म्हणून जेवून परत आलो. मुलगा दोन वर्षांनी गावी आला, त्याचे दुकान कधी निघाले नाही. शेतीचे कामही त्याला दम लागून होत नसे. मामांनी त्याच्या औषधाला पैसे पाठविले, हेही खरे. पण ते उपकार म्हणून पाठविले, देणे म्हणून नव्हे.

तेव्हा दोन्ही घरांची जमाखर्चाची वही पुढे ठेवली तर असे दिसते. आमच्या वडिलांना हक्क होते, मालमत्ता नव्हती. मामांच्या पोऱ्याला मालमत्तेची आशा होती, हक्क नव्हता. आज मामांचा नातू तमिळ, इंग्रजी, मराठी तिन्ही बोलतो आणि इंजिनिअर आहे. आमचा पुतण्या बदलापुराहून रोज लोकलने येऊन, जेथे गिरण्या होत्या त्याच भागातल्या एका उंच इमारतीत रखवालदारी करतो. बारा तासांची पाळी, आठवड्याची सुट्टी मागितली तर ठेकेदार 'उद्यापासून येऊ नको' म्हणतो. लोखंड्यांनी मिळविलेला रविवार चौथ्या पिढीत असा गेला. आणि गलाईचे दिवसही पूर्वीचे राहिलेले नाहीत. मोठ्या शुद्धीकरण कारखान्यांची यंत्रे आली, टंच काढणारी यंत्रे आली, २०२१ पासून टप्प्याटप्प्याने दागिन्यांवर हॉलमार्क सक्तीचा झाला. सोनाराला आता शब्दापेक्षा छापाचा कागद हवा असतो. मामेभाऊ गेल्या दिवाळीत भेटले, तेव्हा प्रथमच त्यांनी आम्हांस डिवचले नाही. भट्टीवरच्या माणसांचा फंड कसा भरतात, ते विचारीत होते.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी अध्यक्षांनी दिली आहे, म्हणून कामाचे दोन शब्द बोलून बसतो. ज्यांच्या घरी कुणी १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर मुंबईच्या गिरणीच्या हजेरीपटावर होते, त्यांनी ट्रंका उघडून पाहाव्यात. गिरणीचा पास, तिकीट नंबर, फंडाची चिठ्ठी, ई. एस. आय.चे कार्ड, जे सापडेल ते घेऊन उद्या सकाळी नऊ वाजता वाचनालयात यावे. कामगार हयात नसेल तर वारसाने यावे. आम्ही यादी करणार आहोत. आणि ज्यांचा मुलगा, भाचा गलाईवर गेला आहे, त्यांनी त्याचे वय आणि तो कोणत्या शहरी आहे एवढे एका चिठ्ठीवर लिहून द्यावे. मालकाचे नाव नाही घातले तरी चालेल. तो आपल्यापैकीच कुणाचा तरी मामा असणार.