एकच वही, चार हात

स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी चार मुलं चार गावांत असली, तरी टिपणं एकाच वहीत लिहू शकतात. गूगल डॉक्सची ही सोय 2006 पासून आहे. एकाने पंचायत राजवर टिपण सुरू केलं, दुसरी त्यात 73 व्या घटनादुरुस्तीची कलमं भरते. तिची अक्षरं उमटताना बाकीच्यांना दिसतात.

मात्र टिपण पाठवण्याआधी जरा थांबा. समोरच्याला नुसतं वाचू द्यायचं, शेरा लिहू द्यायचा, की मजकूर बदलू द्यायचा, हे तुम्हीच ठरवता. ‘लिंक असलेले कोणीही’ हा पर्याय निवडलात, तर ती लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला टिपण उघडतं. त्यात फोन नंबर किंवा बँकेचं खातं असेल, तर कृपा करून नेमक्या माणसांचे ईमेल पत्तेच घाला.

कोणाच्या हातून पानभर मजकूर पुसला गेला, तरी घाबरू नका. संगणकावर ‘फाइल’मध्ये आवृत्त्यांचा इतिहास असतो. कोणी, केव्हा, काय बदललं ते तिथे दिसतं, जुना मजकूर परत आणता येतो. आणि दुसऱ्याचं वाक्य पटलं नाही, तर खोडण्याआधी शेजारी शेरा लिहा; तिथेच त्याचं उत्तरही येतं.