चौकातला उजेड

रेडिओवरून उजेडाबद्दल बोलायचं म्हणजे जरा अवघडच काम. दाखवायला माझ्यापाशी काही नाही. म्हणून आधी आपण सगळे डोळे मिटून एका जुन्या वाड्यात जाऊ.

दिंडी दरवाजा ओलांडला की मधला चौक. दुपारचे तीन-साडेतीन झालेत. ऊन केव्हाच वरच्या कौलांवर सरकलंय. तरीही चौकात अंधार नाही. तांदूळ निवडणाऱ्या आजीचा चेहरा, तिच्या पुढ्यातलं सूप, भिंतीचा पोपडा, सारं स्वच्छ दिसतंय. गंमत म्हणजे आजीची ठसठशीत सावली कुठेच पडलेली नाही. हा उजेड सूर्याचा खरा, पण तो येतो आभाळाकडून, झिरपत झिरपत. ज्यांनी वाड्यात दिवस काढले आहेत त्यांना तो नेमका आठवेल.

आता जुन्या काळातल्या एखाद्या सिनेमातली झोपडी आठवा. गरीब आई कंदिलाशेजारी बसलीय आणि तिच्यामागे भिंतीवर तिच्या दोन-दोन, तीन-तीन सावल्या! कंदील एक, सावल्या तीन. वरून सोडलेल्या स्टुडिओतल्या मोठ्या दिव्यांची ती करामत. आपण प्रेक्षक सोशिक, आपण कधी तक्रार केली नाही. पण कोलकात्यातल्या एका तरुणाला ते खपेना. त्याचं नाव सुब्रत मित्र. आज त्यांच्याविषयी बोलायचं आहे.

मित्र यांचा जन्म 1930 चा, मध्यमवर्गीय बंगाली घरातला. कॉलेजच्या वयात सिनेमांनी झपाटलेला मुलगा. 1949-50 च्या सुमारास ज्याँ रेन्वा हे मोठे फ्रेंच दिग्दर्शक 'द रिव्हर' या चित्रपटासाठी कोलकात्यात आले. या मुलाला तिथं काम हवं होतं, ते मिळालं नाही. वडिलांनी खटपट करून नुसतं बघत उभं राहण्याची परवानगी मिळवून दिली. तो रोज जायचा आणि वहीत लिहायचा. दिवा कुठे, कॅमेरा कुठे, नट कुठून कुठे गेला, आकृत्यांसकट सगळं. रेन्वांचे पुतणे क्लोद रेन्वा हे त्या चित्रपटाचे छायालेखक. दृश्य पुन्हा घ्यायचं तर आधीची प्रकाशयोजना कशी होती, हे पडताळायला पुढे त्यांनीच या मुलाची वही मागून घेतली म्हणतात. तिथेच ओळख झाली आणखी एका बघ्याशी. जाहिरात कंपनीत चित्रकार असलेले हे गृहस्थ सुटीच्या दिवशी चित्रीकरण पाहायला येत. त्यांचं नाव सत्यजित राय.

राय यांनी 'पाथेर पांचाली' करायला घेतला तेव्हा कॅमेऱ्यासाठी बोलावलं ते या मुलाला. वय 21-22. सिनेमाचा कॅमेरा तोवर त्यानं चालवलेला नव्हता! चित्रीकरण 1952 मध्ये सुरू झालं, तेही सुटीच्या दिवशी, कारण राय यांची नोकरी चालू होती. पांढऱ्याशुभ्र काशफुलांच्या रानात पहिल्या दिवशी काम झालं. पुढच्या खेपेला मंडळी जाऊन बघतात तो गुरांनी फुलं खाऊन टाकलेली. ते रान पुन्हा फुलेपर्यंत थांबणं आलं. मध्ये पैसे संपले. राय यांनी विम्याची पॉलिसी मोडली, पत्नीचे दागिने गहाण पडले, अखेर पश्चिम बंगाल सरकारनं मदत केली आणि 1955 साली चित्रपट पुरा झाला. पार्श्वसंगीतासाठी पंडित रविशंकर एका रात्रीपुरतेच उपलब्ध होते. राहिलेल्यापैकी मिठाईवाल्यामागे मुलं जातात त्या प्रसंगाची सतार वाजवली ती मित्र यांनीच. असे हे छायालेखक, कानानंही तयार.

पण मी म्हटलं ती चौकाची गोष्ट पुढच्या चित्रपटातली, 'अपराजितो'ची. हरिहरचं कुटुंब काशीला येतं. घर जुनं, मधोमध चौक आणि वर उघडं आभाळ. हे घर उभारायचं होतं कोलकात्यात. उघड्यावर बांधावं तर पावसाची धास्ती, म्हणून राय म्हणाले, स्टुडिओच्या आतच बांधू. कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त आणि मित्र, दोघांनीही हरकत घेतली. आभाळातून झिरपणारा, सावली न पाडणारा उजेड छपराखाली आणणार कुठून? राय बधले नाहीत.

मग मित्र यांनी काय केलं? चौकाच्या वर, जिथं आभाळ असायला हवं तिथं, पांढरं कापड ताणून बांधलं. दिव्यांची तोंडं माणसांकडे न करता त्या कापडाकडे वळवली. कापडावर आपटून उजेड मऊ होऊन खाली पसरला. झालं आभाळ तयार! सर्वजया घरकाम करतेय, अपू आत-बाहेर करतोय आणि भिंतीवर एकही चोरटी सावली नाही. हे घर स्टुडिओत बांधलंय हे ओळखणं जाणकारांनाही अवघड जावं.

ऐकायला किती सोपं! मग सगळेच तसं का करत नव्हते? कारण कापडावर आपटलेला उजेड बराचसा वाया जातो. तेवढाच प्रकाश हवा तर दिवे जास्त हवेत. त्या काळची फिल्म आजच्याइतकी चपळ नव्हती, तिला उजेड भरपूर लागे. उजेड कमी पडला की भिंगाचं तोंड जास्त उघडावं लागतं आणि मग नट वीतभर पुढेमागे झाला तरी चेहरा धूसर होतो. म्हणजे खर्च वाढला, वेळ वाढला, जोखीम वाढली. तुटपुंज्या पैशांत चित्रपट करणाऱ्या मंडळींत हा हट्ट धरायला छाती लागते. तो हट्ट फळाला आला. 1957 साली 'अपराजितो'ला व्हेनिसच्या महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार, सुवर्णसिंह, मिळाला.

राय यांच्याबरोबर मित्र यांनी एकूण दहा कथापट केले. 'चारुलता'त झोक्यावरच्या चारूबरोबर कॅमेराही झोके घेतो. 'नायक'मधला आगगाडीचा डबा स्टुडिओत उभारलेला होता हे आजही पटत नाही. आणि 1966 मध्ये, 'नायक'नंतर, ही जोडी फुटली. राय एव्हाना कॅमेरा स्वतः चालवू लागले होते. दोघंही आपापल्या कामात पक्के, दोघंही शब्द मागे न घेणारे. कोण चुकलं याचा निवाडा आपण करू नये.

आपल्या मुंबईनंही त्यांना काम दिलं. राज कपूर-वहिदा रहमान यांचा 'तीसरी कसम' त्यांच्याच कॅमेऱ्यातून उतरला. इस्माईल मर्चंट-जेम्स आयव्हरी यांच्यासाठी त्यांनी 'द हाउसहोल्डर', 'शेक्सपिअरवाला', 'द गुरू', 'बॉम्बे टॉकी' असे चार चित्रपट केले. पण 1970 नंतर त्यांच्या नावावर कथापट अगदी मोजके. पुढे 'न्यू दिल्ली टाइम्स'साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. वेळ घेणारा, मनासारखं होईतो शॉट न देणारा माणूस, असा त्यांचा लौकिक होता. असा माणूस सर्वांना आदरणीय वाटतो आणि कामाला बोलवायची वेळ आली की सगळे दुसऱ्याला बोलावतात.

इथं मी जरा अडखळतो. हट्टापायी इतकी वर्षं हातात कॅमेरा नसणं बरोबर होतं का? थोडं नमतं घेतलं असतं तर आपल्याला आणखी दहा सुंदर चित्रपट मिळाले असते, असं मन म्हणतं. लगेच दुसरं मन विचारतं, नमतं घेणाऱ्यानं ते कापड बांधलं असतं का? छायालेखकाला ना लेखकासारखा कागद पुरतो, ना गायकासारखा तंबोरा. दुसऱ्यानं पैसे घातल्याशिवाय त्याची कला सुरूच होत नाही. म्हणून त्याचा हट्ट जास्त महाग पडतो. अखेरची काही वर्षं ते कोलकात्याच्या सत्यजित राय फिल्म संस्थेत शिकवत होते. 2001 च्या डिसेंबरमध्ये ते गेले.

एक गोष्ट सांगून थांबतो. 1993 साली लंडनच्या एका प्रयोगशाळेला आग लागली आणि अपूच्या तिन्ही चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह त्यात होरपळल्या. जळक्या कडांची ती रिळं कुणीतरी फेकून न देता जपून ठेवली. वीस वर्षांनी इटलीतल्या बोलोन्या शहरी तंत्रज्ञांनी ती हातांनी सोडवली, सांधली, स्वच्छ केली. 'अपराजितो'चा निम्म्याहून अधिक भाग त्या भाजलेल्या निगेटिव्हमधूनच परत मिळाला. 2015 च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या ज्या कलासंग्रहालयात साठ वर्षांपूर्वी 'पाथेर पांचाली' प्रथम दाखवला होता, तिथंच तो पुन्हा झळकला.

तेव्हा श्रोतेहो, आता कधी 'अपराजितो' पाहाल तेव्हा गोष्ट बघाच, पण काशीच्या त्या घरात कॅमेरा शिरला की क्षणभर वर लक्ष द्या. आभाळ दिसणार नाही. तिथं एक पांढरं कापड आहे, आणि त्याच्याखाली सर्वजया कामात गढलेली आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)