वणवा, गोठा आणि सुरगाठ



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात मी तीन वर्षे बसलो आहे. भूगोलाच्या तासाला ते नकाशा गुंडाळून ठेवीत आणि राऊच्या माळावर चरणाऱ्या गुरांकडे बोट दाखवून विचारीत, ‘ही आज पश्चिमेकडे तोंड करून का उभी आहेत?’ त्या प्रश्नानेच बहुधा मला पशुवैद्य केले. या व्यासपीठावरून साहित्यावर आणि इतिहासावर विद्वानांची भाषणे झाली आहेत. माझा तो अधिकार नाही. आयुष्यभर जे हाताळले त्याविषयीच बोलावे, असे ठरवून आलो आहे. आग लागली असता गुरे वाचवायची कशी, एवढाच माझा विषय.

‘वणवा’ म्हटले की आपल्या मनात सह्याद्रीचे डोंगर उभे राहतात. जुने गवत जाळले की नवे जोमाने येते, या समजुतीने तिकडे उन्हाळ्यात डोंगरच्या डोंगर पेटवले जातात. आपल्या माळव्यात आगीचे दोन प्रकार आहेत. महूच्या पुढे, मानपूर आणि चोरलच्या बाजूला, जेथे पठार संपून निमाडाचा उतार सुरू होतो, तेथील सागवानी जंगल फाल्गुन-चैत्रात वाळून कोळ झालेले असते. मोहाची फुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवला जातो आणि आग हाताबाहेर जाते. वनखाते 15 फेब्रुवारी ते 15 जून हा आगीचा काळ मानते. त्याआधी जाळरेषा साफ करते.

दुसरी आग आपल्या दाराशी असते. ती नरवाईची. पूर्वी गहू विळ्याने मुळाशी कापला जाई. आता हार्वेस्टर ओंब्या घेऊन जातो आणि वीतभर, कधी हातभर खुंट शेतात उभे राहतात. नांगराला अडथळा नको म्हणून त्यांना काडी लावली जाते. दुपारच्या वाऱ्याला बांध दिसत नाही. 1981च्या वायुप्रदूषण कायद्याखाली मध्यप्रदेश शासनाने 2017 मध्ये यावर बंदी घातली आणि शेताच्या आकाराप्रमाणे 2,500, 5,000 व 15,000 रुपये दंड ठरवला. तरी एप्रिल 2019 मध्ये होशंगाबाद जिल्ह्यात नरवाईच्या आगीने उभी पिके गेली आणि माणसेही दगावली. गुरांची मोजदाद अशा बातमीत शेवटच्या ओळीत येते, पुष्कळदा येतच नाही.

आता मी पाहिलेले सांगतो. गावाचे नाव सांगत नाही, त्या घरातील माणसे आजही त्या दिवसाविषयी बोलत नाहीत. चैत्रातली दुपार. दोन शेते पलीकडे कोणी नरवाई पेटवली होती. ठिणगी भुशाच्या गंजीवर पडली, आणि गंजी गोठ्याला लागून होती. घरची माणसे लग्नाला गेलेली, मागे एक आजीबाई आणि बारा वर्षांचा नातू. दावणीला सात जनावरे. मुलगा धीराचा. तो धावत आत गेला आणि पहिल्या गाईचे दावे सोडू लागला. ते सुटेना. गाय घाबरून मागे ओढत होती. ती जितकी ओढी तितकी गाठ आवळे. त्याने दोन सोडवली. तिसरीला साखळी होती, आणि साखळी तापली होती. आजीबाईंनी त्याला ओढून बाहेर काढले. मी संध्याकाळी पोहोचलो. पाच जनावरे खुंट्याशीच होती.

श्रोतेहो, त्या पाचांना आगीने मारले असे मी पंचनाम्यात लिहिले. खरे पाहता त्यांना गाठीने मारले.

मोकळे जनावर आगीपासून दूर जाते, निसर्गाने त्याला तेवढी बुद्धी दिलेली आहे. आपण त्याला बांधतो, तेव्हा त्याचे पाय आपल्याकडे गहाण असतात. म्हणून मी गावोगाव सांगत आलो: दावे खुंट्याशी सुरगाठीने बांधा, शेपूट ओढताच सुटेल असे. गळ्याशी मात्र फास नको. साखळी शक्यतो नकोच. गोठ्याच्या दाराबाहेर एक धारदार विळा कायम टांगलेला असावा, आणि तो गवत कापायला नेऊ नये. घरातल्या बायकांना आणि मुलांना ती गाठ आली पाहिजे, कारण दुपारी घरी तीच असतात. गंजी गोठ्यापासून लांब रचावी. हे ऐकून पुष्कळजण हसत. ‘डॉक्टरसाहेब, औषध द्या, गाठ आम्हाला येते,’ म्हणत.

सोडल्यावर न्यायचे कोठे, हा पुढचा प्रश्न. धुरात बावरलेले जनावर ओळखीच्या जागेकडे, म्हणजे जळत्या गोठ्याकडेच परत धावते. घोड्याची ही खोड प्रसिद्ध आहे, गाईम्हशींतही ती मी पाहिली आहे. म्हणून गोठा रिकामा होताच दार लावून घ्यावे. कळपात जी पुढे चालते, जिच्या गळ्यात घंटा असते, तिला आधी काढावे, बाकीच्या मागून येतात. नांगरलेले काळे रान ही सर्वात चांगली जागा, तेथे जळायला काही नसते. नाल्यात नेऊ नये: पाणी आटलेले असते, काठचे गवत पेट घेते आणि धूर तेथेच साठतो. काहीच नसेल, तर आधी जळून विझलेल्या पट्ट्यावर न्यावे. पाय पोळतील, पण जीव राहील.

हे शहाणपण केवळ आपले नाही. 26 फेब्रुवारी 2024 रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या उत्तर टोकाला गवताळ रानात आग लागली. दहा लाख एकरांहून अधिक भूमी जळाली आणि सात हजारांहून अधिक गुरे मेली. तेथे दावण नसते, मैलोगणती काटेरी तार असते. पशुपालकांनी फाटके उघडली, जेथे फाटक दूर होते तेथे तार कापली, आणि गुरे हिरव्या गव्हात किंवा नांगरटीत हाकली. आपला खुंटा आणि त्यांची तार यांत मला फारसा फरक दिसत नाही.

आग विझली की पशुवैद्याचे काम सुरू होते. वरून धडधाकट दिसणारे जनावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी धापा टाकू लागते, कारण धुराने फुप्फुस सुजलेले असते. खूर आठवड्याने सुटू लागतो. कास भाजली असेल तर गाय वासराला जवळ येऊ देत नाही आणि वासरू उपाशी मरते. जगलेली जनावरे पंधरा दिवस रोज तपासावी लागतात. मेलेल्यांचा पंचनामा व शवविच्छेदन त्वरित करून घ्यावे. केंद्राच्या 2022च्या निकषांनुसार दुभत्या गाई-म्हशीमागे 37,500 रुपये साहाय्य आहे, तेही एका कुटुंबास तीन मोठ्या दुभत्या जनावरांपुरते. एवढ्या रकमेत बाजारात चांगली म्हैस येत नाही, हे मी आपल्याला सांगायला नको.

आणखी एक गोष्ट इंदूरकर म्हणून सांगितल्यावाचून राहवत नाही. जे खुंट आपण जाळतो, त्यांचे काय करावे याचे उत्तर याच शहराने जगाला दिले होते. 1924 ते 1931 या काळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी येथील इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत काडीकचरा गुरांच्या पायाखाली अंथरून, शेणमूत्राने भिजवून, त्याचे खत करण्याची पद्धत बसवली. तिला जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणतात. 1931 साली त्यावर निघालेल्या ग्रंथावर हॉवर्ड यांच्या बरोबरीने यशवंत वाड हे नाव आहे. हॉवर्ड पुष्कळांना ठाऊक असतात, वाड आपल्या मराठी मंडळींतही कोणाला आठवत नाहीत. तेच खुंट गोठ्यात अंथरूण म्हणून आले तर रोज शेणासह काढून खड्ड्यात जातात, आणि शेतात पेटले तर गोठ्यापर्यंत येतात.

तो बारा वर्षांचा मुलगा आता मोठा झाला आहे. त्याच्याकडे अकरा म्हशी आहेत. मागच्या होळीला त्याच्याकडे गेलो होतो. दारावर विळा होता. मी न सांगता त्याने एका दाव्याचे शेपूट ओढून दाखवले, आणि म्हैस मोकळी झाली. तिला पुन्हा बांधायला आम्हाला अर्धा तास लागला.

मी एक दावे आणि एक खुंटा बरोबर आणला आहे. अध्यक्षांचे भाषण झाल्यावर तो मैदानात रोवू. ज्या मुलामुलींना ती गाठ शिकायची असेल, त्यांनी तेथे यावे.