खाशाबांच्या पाठीशी कोण होतं?
(मंडळाच्या दिवाळी स्नेहसंमेलनातलं भाषण)



फराळाच्या आधी भाषण म्हणजे श्रोत्यांची परीक्षाच. तेव्हा थोडक्यात आटपतो. आज मला कराडजवळच्या गोळेश्वरच्या एका पैलवानाबद्दल बोलायचं आहे. खाशाबा दादासाहेब जाधव. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळातलं पहिलं ऑलिंपिक पदक मिळवून देणारा माणूस.

पदकाची गोष्ट आपल्याला ठाऊक असते. त्याआधीची हार मात्र आपण विसरतो. 1948 साली लंडनला खाशाबा सहावे आले. प्रवासखर्च कोल्हापूरच्या महाराजांनी दिला होता. लाल मातीतला हा गडी, मॅटवरच्या कुस्तीचे नियम त्याला नवखे. परत आल्यावर चार वर्षं त्यांनी घाम गाळला आणि वरच्या, 57 किलोच्या गटात उतरायची तयारी केली.

पण हेलसिंकीला जायला पैसे कुठे होते? देश नुकता स्वतंत्र झालेला, धान्यसुद्धा रेशनवर. गावाने वर्गणी काढली, ती पुरेना. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं राहतं घर गहाण टाकलं आणि सात हजार रुपये उभे केले. विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी घर! 23 जुलै 1952 रोजी खाशाबांनी कांस्यपदक जिंकलं.

त्यातही एक हळहळ आहे. जपानच्या इशीशी लांबलेली लढत संपते न संपते तोच त्यांना सोव्हिएत मल्लासमोर उभं केलं गेलं. मधली अर्ध्या तासाची विश्रांती नियमाने मिळायला हवी होती. पण ती मागायला त्यांच्या बाजूचा अधिकारी तिथे नव्हता, असं सांगतात. दमलेल्या माणसाच्या वतीने दोन शब्द बोलणारं कुणीतरी लागतं, मंडळी!

कराडला बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पण मला मोठी वाटते ती पुढची गोष्ट. खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांची मैदानं भरवली आणि त्या पैशातून सरांचं घर सोडवलं. मदत घेण्यात त्यांनी कमीपणा मानला नाही, आणि ती फेडल्याशिवाय राहिले नाहीत.

हे मी इथे, सौदीत, का सांगतोय? 2014 नंतर तेलाचे भाव कोसळले, प्रकल्प थांबले. जुलै 2017 पासून कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे महिना 100 रियाल फी सुरू झाली, ती 2020 मध्ये 400 वर गेली. बायकोमुलांना गावी पाठवून एकटे राहिलेले, फायनल एक्झिटचा शिक्का घेऊन गेलेले कितीतरी जण आपल्याच पंगतीत बसत होते. नोकरी गेलेला माणूस आधी कार्यक्रमाला यायचा थांबतो, मग फोन उचलायचा. त्याला वाटतं, आपण हरलो. अहो, तो लंडनहून परतलाय; त्याचं हेलसिंकी अजून व्हायचंय!

घर गहाण टाका असं मी म्हणत नाही. पण त्याचा बायोडेटा आपल्या साहेबांच्या टेबलावर ठेवता येतो. इकामा बदलताना सोबत जाता येतं. पोरांची फी दोन महिने भरता येते. आणि ज्याला गरज आहे त्याने संकोच न करता सांगावं. फेडायला पुढे मैदानं पुष्कळ आहेत.

यंदा पंगतीत कोण दिसत नाही, तेवढं बघा. घरी गेल्यावर पहिला फोन त्याला करा.

दिवाळीच्या मनापासून शुभेच्छा!