पाठीराख्यांचे न्यायालय

(पक्षाच्या एका अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा लेखी मसुदा)



आजचा विषय पाहून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. अर्थशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक अमेरिकेतील विद्यापीठीय फुटबॉलवर बोलणार, आणि तेही तेथील खेळाडूंवर झालेल्या बलात्काराच्या आरोपांसंबंधी, ह्याचे प्रयोजन काय, असे एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला कालच विचारले. मला मुख्यतः बोलावयाचे आहे ते असे आरोप झाल्यावर संघाचे पाठीराखे जे करतात त्यासंबंधी. ते वर्तन निव्वळ भावनेच्या भरात घडते असे आपण समजतो. माझ्या मते त्याच्या बुडाशी एक अर्थव्यवस्था आहे, आणि ती नीट पाहिल्याखेरीज त्या वर्तनाचा उलगडा होत नाही.

प्रथम एक कबुली देतो. २०१८ च्या शरद ऋतूत मी मिशिगन राज्यातील अ‍ॅन आर्बर येथे माझ्या भाचीकडे गेलो होतो. ही मूळची सोलापूरची मुलगी तेथे संशोधन करीत होती. शनिवारी सकाळी ती विद्यापीठाच्या रंगाचा पिवळा सदरा घालून तयार झाली आणि म्हणाली, "मामा, आज तेवढे अर्थशास्त्र घरी ठेवा." त्या क्रीडांगणात एक लाख सात हजारांहून अधिक माणसे बसतात. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो हा खेळ नव्हे. अंडाकृती चेंडू हातात घेऊन, डोक्यावर शिरस्त्राण चढवून एकमेकांवर आदळत पुढे सरकण्याचा तो प्रकार आहे. मला त्याचे नियम ठाऊक नव्हते. तरीही तासाभराने एक लाख माणसे उठून ओरडली तेव्हा मीही उठून ओरडलो. तेव्हा पाठीराख्यांविषयी मी जे बोलणार आहे ते उंचावर उभे राहून बोलत नाही, एवढे ध्यानात असू द्यावे.

आता त्या अर्थव्यवस्थेकडे वळू. अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळांचे नियमन एनसीएए ह्या नावाने ओळखली जाणारी राष्ट्रीय संघटना करते. तिचा उगम १९०६ सालचा. १९५५ साली कोलोरॅडोतील एका लहानशा महाविद्यालयाचा खेळाडू सामन्यात डोक्याला मार लागून मरण पावला. त्याच्या विधवा पत्नीने, नवरा महाविद्यालयाचा कामगार होता असे म्हणून नुकसानभरपाई मागितली. १९५७ साली त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. अशा दाव्यांची धास्ती घेतलेल्या संघटनेने त्याच काळात 'विद्यार्थी-खेळाडू' हा जोडशब्द घडवला आणि सर्वत्र रूढ केला. तिचे तेव्हाचे प्रमुख वॉल्टर बायर्स ह्यांनीच पुढे आपल्या आठवणींत ह्याची कबुली दिली आहे. मालकाने कामगाराला कामगार म्हणावयाचे नाही म्हणून नवे नाव शोधावे, हा प्रकार आपल्याला काही नवा नाही.

ह्या एका शब्दावर साठ-सत्तर वर्षे मोठा व्यापार चालला. दूरचित्रवाणीचे हक्क कोट्यवधी डॉलरांना विकले जात, तिकिटे विकली जात, माजी विद्यार्थी देणग्या देत. खेळाडूला मात्र शिष्यवृत्ती, जेवण आणि वसतिगृहातील खोली. २०१४ साली नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या फुटबॉलपटूंनी कामगार संघटना बांधण्याचा प्रयत्न केला. राष्ट्रीय श्रमसंबंध मंडळाने २०१५ मध्ये त्यात पडण्याचे नाकारले आणि तो प्रयत्न तेथेच संपला. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने संघटनेच्या निर्बंधांविरुद्ध निर्णय दिला, आणि २०२५ मध्ये मंजूर झालेल्या तडजोडीनंतर विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा मिळाली. मी ज्या घटना सांगणार आहे त्या मात्र सगळ्या त्यापूर्वीच्या, म्हणजे बिनपगारी काळातल्या आहेत. खेळाडूला न दिलेला पैसा प्रशिक्षकांच्या वेतनात आणि क्रीडांगणांच्या बांधकामात जिरत असे. ह्या सगळ्या गुंतवणुकीचा परतावा वीस वर्षांच्या एखाद्या मुलाच्या खांद्यावर अवलंबून असतो. त्याच्यावर गुन्ह्याचा आरोप झाला की धोक्यात येते ती ही गुंतवणूक, आणि तिच्या रक्षणाला पाठीराखा धावतो. तो ह्या मालमत्तेचा बिनपगारी रखवालदार असतो. फरक इतकाच की त्याला आपण रखवाली करीत आहोत हे ठाऊक नसते. आपण निष्ठा पाळीत आहोत असे त्याला वाटते.

फ्लोरिडा राज्याच्या राजधानीत, टॅलाहासी येथे, २०१२ च्या डिसेंबरमध्ये एका विद्यार्थिनीने पोलिसांकडे बलात्काराची तक्रार नोंदवली. पुढे तिने ज्याचे नाव घेतले तो तेथील विद्यापीठाच्या संघाचा उगवता तारा होता. जवळजवळ वर्षभर तपासात काही हालचाल झाली नाही. तिच्या कुटुंबीयांनी नंतर काढलेल्या निवेदनात असे म्हटले की, हे फुटबॉलचे गाव आहे, तेव्हा पुढे जाण्यापूर्वी मुलीने पुरता विचार करावा, असे तपास अधिकाऱ्यानेच त्यांच्या वकिलाला सुनावले होते. २०१३ च्या डिसेंबरमध्ये सरकारी वकिलाने पुरेसा पुरावा नाही म्हणून गुन्हा दाखल न करण्याचा निर्णय जाहीर केला. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्या खेळाडूला देशातील सर्वोच्च महाविद्यालयीन पारितोषिक मिळाले आणि जानेवारीत संघाने राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकले. तोपर्यंत ती मुलगी विद्यापीठ सोडून गेली होती. २०१६ मध्ये विद्यापीठाने आपली जबाबदारी मान्य न करता साडेनऊ लाख डॉलर देऊन तिचा दावा मिटवला.

त्या खेळाडूवर कधीही खटला झाला नाही, त्याने आरोप सतत नाकारला, आणि तो दोषी होता असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. ज्या तपासातून तो निर्दोष असल्याचे सिद्ध झाले असते तो तपासही झाला नाही. पाठीराख्यांना त्याची गरजच भासली नाही, कारण त्यांचा निकाल आधीच लागला होता.

टेक्सासमधील वेको येथील बेलर विद्यापीठाचे प्रकरण ह्याहून विस्तृत आहे. बाप्टिस्ट पंथाचे हे विद्यापीठ १८४५ साली स्थापन झाले. त्याच्या आवारात विद्यार्थ्यांना नृत्याची परवानगी १९९६ पर्यंत नव्हती, ह्यावरून तेथील वळण ध्यानात यावे. मद्यपान आणि विवाहपूर्व संबंध ह्यांवर बंदी होती. त्यामुळे अत्याचार झालेली मुलगी तक्रार करावयास गेली तर आधी तिलाच 'तू तेथे प्यायला का गेली होतीस' ह्याचे उत्तर द्यावे लागेल, अशी भीती असे. दुसरीकडे वर्षानुवर्षे हरणारा फुटबॉल संघ आर्ट ब्राइल्स ह्या प्रशिक्षकाच्या हाताखाली जिंकू लागला. २०१४ च्या ऑगस्टमध्ये २६ कोटी ६० लाख डॉलर खर्चून बांधलेले नवे क्रीडांगण उघडले. शिक्षणसंस्थांत लिंगभेद होऊ नये ह्यासाठीचा संघराज्याचा कायदा १९७२ चा. त्याची अंमलबजावणी पाहण्यासाठी विद्यापीठाने पहिली पूर्णवेळ अधिकारी नेमली ती २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये. खर्चाचा अग्रक्रम कशाला होता हे ह्या दोन तारखा सांगतात.

त्याच वर्षी जानेवारीत ह्या संघातील एका माजी खेळाडूला बलात्काराबद्दल वीस वर्षांची शिक्षा झाली होती. २०१५ मध्ये दुसऱ्या एका खेळाडूच्या खटल्याने प्रकरण देशभर गाजले, तेव्हा विद्यापीठाने बाहेरच्या वकिलांकडून चौकशी करविली. २०१६ च्या मे महिन्यात तिचे निष्कर्ष जाहीर झाले. फुटबॉल हा नियमांच्या वर आहे असा समज तेथे रुजला होता, आणि काही प्रसंगी संघाच्या व्यवस्थापनाने तक्रारी पुढे पाठवल्याच नव्हत्या. प्रशिक्षक गेले, अध्यक्षही गेले. (हे अध्यक्ष म्हणजे केनेथ स्टार, राष्ट्राध्यक्ष क्लिंटन ह्यांच्या खाजगी वर्तनाची ज्यांनी शेकडो पानी छाननी केली होती तेच. इतिहासाला कधी कधी विनोदबुद्धी असते.) त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नियामक मंडळाच्या सदस्यांनी वृत्तपत्राला सांगितले की २०११ पासून सतरा स्त्रियांनी एकोणीस फुटबॉलपटूंविरुद्ध लैंगिक अथवा घरगुती हिंसेच्या तक्रारी केल्या होत्या.

आणि पाठीराखे? जूनमध्ये काही बड्या देणगीदारांनी ब्राइल्स ह्यांना परत आणावे म्हणून मंडळावर दडपण आणले. नोव्हेंबरच्या ५ तारखेच्या सामन्याला क्रीडांगणाबाहेर प्रशिक्षकाच्या नावाची आद्याक्षरे छापलेले काळे सदरे विकले जात होते आणि ते घालून लोक आत बसले होते. सतरा हा आकडा छापून आल्याला तेव्हा आठवडाभरच झाला होता. तो सामना संघ ६२ विरुद्ध २२ असा हरला. त्याच वर्षी फेब्रुवारीत अत्याचारग्रस्त विद्यार्थिनींसाठी अध्यक्षांच्या निवासस्थानासमोर मेणबत्त्या घेऊन विद्यार्थी व माजी विद्यार्थी जमले होते, ते दोनशेच्या आसपास. त्या दोनशे जणांनाही संघ प्रिय होता, हे विसरू नये. काळे सदरे घालणारे सगळे दुष्ट होते असेही मी मानत नाही. ज्या मैदानात बापाने बोट धरून नेले, ज्या रंगात लग्नाची छायाचित्रे काढली, त्यावर डाग आहे हे मान्य करणे म्हणजे स्वतःच्या आयुष्याचा एक तुकडा गमावणे. सतरा अनोळखी मुलींपेक्षा तो तुकडा जवळचा वाटतो. ब्राइल्स ह्यांना जाताना दीड कोटी डॉलरांहून अधिक रक्कम मिळाली, हे मात्र त्या पाठीराख्यांच्या हिशेबात कोठेच आले नाही.

येथे कोणी म्हणेल की संघातले बहुसंख्य खेळाडू काळे, प्रेक्षक बहुतांशी गोरे. दक्षिणेतल्या गोऱ्या प्रेक्षकांनी काळ्या मुलावर इतका विश्वास टाकावा, हे वर्णभेद मावळल्याचेच लक्षण नव्हे काय? ह्या युक्तिवादाला उत्तर देण्यासाठी ह्याच गावातील आणखी एक गर्दी आठवली पाहिजे. १५ मे १९१६ रोजी वेकोच्या न्यायालयात जेसी वॉशिंग्टन नावाच्या सतरा वर्षांच्या काळ्या शेतमजुराचा, आपल्या गोऱ्या मालकिणीच्या खुनाबद्दल खटला चालला. ज्यूरीने चार मिनिटांत त्याला दोषी ठरवले. न्यायालयातूनच जमावाने त्याला ओढून नेले आणि नगरभवनासमोर जिवंत जाळले. दहा हजारांवर माणसे पाहत होती. त्यांत महापौर होते, पोलीसप्रमुख होते. छायाचित्रे काढली गेली, त्यांची कार्डे करून विकली गेली. त्या मुलाने गुन्हा केला होता की नाही, ह्याचा शोध घेण्याची निकड गर्दीतल्या कोणाला वाटली नाही.

शंभर वर्षांनी त्याच गावात गर्दी उलट बाजूस उभी राहिली. काळ्या मुलाला तिने आता आपला म्हटले, पण तो धावत होता तोवरच. गुडघा मोडून शिष्यवृत्ती गेलेल्या मुलाच्या नावाचे सदरे कोणी छापीत नाही. काळ्या माणसावरील खोट्या आरोपांचा दक्षिणेतील इतिहास मोठा आणि भयंकर आहे. म्हणून आरोपीला पूर्ण बचाव मिळालाच पाहिजे. तो न्यायालयात मिळावा, तिकिटांच्या खिडकीवर नव्हे.

एनसीएएने ह्या प्रकरणाची चौकशी केली आणि ऑगस्ट २०२१ मध्ये निर्णय दिला. अत्याचाराच्या तक्रारी न कळवण्याने तिच्या नियमांचा भंग झाला असे तिला म्हणता येईना, कारण तशा आशयाचा नियमच तिच्याजवळ नव्हता. इतर काही उल्लंघनांबद्दल चार वर्षांची देखरेख आणि पाच हजार डॉलर दंड झाला. खेळाडूने कोणाकडून जेवण घ्यावे ह्याचे बारीकसारीक नियम मात्र तिने दशकानुदशके राबवले होते. माझी सूचना अशी की अशा तक्रारींचा तपास, ज्यांचे उत्पन्न संघावर अवलंबून आहे अशा कोणाकडेही असू नये, आणि खेळाडूला रीतसर कामगार मानून त्याला करार व संघटना द्यावी. चौकशीपर्यंत त्याला बाजूला ठेवावयाचे तर तेही ठरलेल्या नियमाने व्हावे, प्रशिक्षकाच्या मर्जीने होऊ नये. ह्यावर आपण चर्चेत अधिक बोलू.

एक गोष्ट राहिली, आणि ती टाळून मला खाली बसता येणार नाही. २००६ च्या वसंत ऋतूत नॉर्थ कॅरोलायनातील ड्यूक विद्यापीठाच्या लक्रॉस संघातील तीन खेळाडूंवर, सामन्याशी संबंध नसलेल्या एका मेजवानीत नाचण्यासाठी बोलावलेल्या तरुणीने बलात्काराचा आरोप केला. मुले गोरी, सधन घरची; ती काळी, शेजारच्याच, मुख्यतः काळ्या विद्यार्थ्यांच्या विद्यापीठात शिकणारी. ड्यूकच्याच अठ्ठ्याऐंशी प्राध्यापकांच्या सह्यांचे निवेदन वृत्तपत्रात आले. प्रशिक्षकाने राजीनामा दिला, संघाचे उरलेले सामने रद्द झाले. एप्रिल २००७ मध्ये राज्याच्या महाधिवक्त्यांनी आरोप मागे घेतले आणि ती मुले निर्दोष असल्याचे स्पष्ट शब्दांत जाहीर केले. आरोपींच्या बाजूचा पुरावा दडवणाऱ्या सरकारी वकिलाची सनद जूनमध्ये रद्द झाली. २०२४ च्या डिसेंबरमध्ये त्या स्त्रीनेच आपण खोटे बोललो हे कबूल केले. तेव्हापासून कोठल्याही संघाच्या कोठल्याही खेळाडूविरुद्ध तक्रार झाली की पाठीराखे ड्यूकचे नाव घेतात. वास्तविक ड्यूकमध्ये काय घडले ह्यावरून टॅलाहासीत वा वेकोत काय घडले ते कळत नाही.

२००६ च्या जुलैत एम.ए.च्या वर्गाला श्रमाचे अर्थशास्त्र शिकवताना मी हेच प्रकरण दृष्टांत म्हणून घेतले होते. वर्ग, वर्ण आणि लिंग ह्यांची इतकी बिनतोड जुळणी क्वचित हाती लागते. मुले भारावून ऐकत होती. मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने उभे राहून विचारले, "सर, पण खटला अजून चालायचा आहे ना?" मी म्हणालो, खटल्याचा निकाल काहीही लागो, त्याने समाजाचे चित्र बदलत नाही. वर्ग हसला आणि ती खाली बसली.

पुढल्या एप्रिलमध्ये मी ती बातमी वाचली तेव्हा वर्ग परीक्षेच्या तयारीसाठी सुटला होता. निकालानंतर ती विद्यार्थिनी पेढे घेऊन घरी आली, तासभर बसली, पुढे काय करावे ह्याविषयी माझा सल्ला घेऊन गेली. ड्यूकची बातमी मी तिला सांगितली नाही.